भाऊबंदांचा सातबारा

(देवरूख येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शाळेतल्या आमच्या सरांच्या नावानं व्याख्यान द्यायचं ठरलं आणि पहिली आठवण आली ती वर्गातली नव्हे, एका खुराड्यापुढची. १९७४ चा पावसाळा सरत आला होता. मी नववीत होतो. आमच्या वाडीत थोरल्या काकींच्या खुराड्यात रात्री अजगर शिरला. दोन कोंबड्या गिळल्यावर पोट फुगलं, आणि आला त्या फटीतून त्याला परत जाता येईना. सकाळी पुरुषमाणसं दांडे घेऊन जमली. कुणीतरी सरांना बोलावून आणलं, कारण सर जीवशास्त्र शिकवायचे आणि साप मारू नका म्हणायचे. सर लेंग्यावर, छत्री काखोटीला मारून आले. त्यांनी आम्हा चौघा पोरांना ते धूड धरायला लावलं आणि उताणं केलं. शेपूट सुरू होते तिथं, दोन्ही बाजूंना, खवल्यांतून डोकावणाऱ्या दोन काळपट नख्या होत्या. कोंबडीच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या.

"काय रे हे?" सरांनी विचारलं.

"काटे," आम्ही म्हटलं.

"काटे नव्हेत. पाय आहेत. म्हणजे, होते."

त्या नख्यांना मी बोट लावून पाहिलं. आत कमरेच्या हाडाचा एक बारीक तुकडा अजून शिल्लक असतो, हे पुढं मुंबईला प्राणिशास्त्र शिकताना कळलं. पण उत्क्रांती माझ्यापर्यंत पोहोचली ती त्या बोटातून. त्या सकाळी थोरल्या काकी काय बोलल्या ते शेवटी सांगेन.

आजचा विषय संयोजकांनी दिला तो 'सृष्टिवाद की उत्क्रांतिवाद'. ही शब्दांची जोडी आपल्याकडे आली ती अमेरिकेतून. तिथं टेनेसी राज्यात डेटन नावाच्या, देवरूखाएवढ्याच म्हणा, गावात १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला, शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून. १०० डॉलर दंड झाला. पुढं तांत्रिक मुद्द्यावर निकाल फिरला, पण कायदा १९६७ पर्यंत कागदावर राहिला. तिथला वाद बायबलच्या पहिल्या प्रकरणाशी आहे. सहा दिवसांत सृष्टी झाली की नाही, पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं की साडेचारशे कोटी, हा त्याचा गाभा. आपल्याला त्या हिशेबाचं कधीच ओझं नव्हतं. युगांचे आणि कल्पांचे आकडे आपल्या पुराणांनी मोकळ्या हातानं वाटलेले आहेत. मग आपल्याकडे भांडण कशाचं? माझं म्हणणं असं आहे, की आपल्याकडचा सृष्टिवाद माकडाबद्दल नाहीच. तो माणसांच्या पायऱ्यांबद्दल आहे. त्याचा शत्रू म्हणून डार्विनचं नाव घेतलं जातं, पण डार्विनच्या आधी त्याला पुण्याच्या एका माळ्याचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते अजून दिलेलं नाही.

आधी अलीकडची गोष्ट. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वैदिक संमेलन भरलं होतं. तिथं तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमातून तो बदलायला हवा. कारण काय, तर आपल्या पूर्वजांसकट कुणीच माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं लिहून किंवा सांगून ठेवलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी लगोलग संयुक्त निवेदन काढून याला हरकत घेतली. ज्येष्ठ मंत्र्यांनी आवरा म्हटलं. प्रकरण मिटल्यासारखं झालं.

मला त्यातली एक गोष्ट मात्र फार गमतीची वाटते. हेच गृहस्थ त्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. पोलिसाला कुणी सांगावं लागतं का, की ज्याला कुणी पाहिलं नाही तेही घडलेलं असू शकतं? घरफोडी पाहणारा साक्षीदार सहसा नसतोच. तुटलेली कडी, भिंतीवरचा ठसा, अंगणातलं पाऊल, यांचा पंचनामा होतो आणि परिस्थितीजन्य पुराव्यावर माणूस आत जातो. उत्क्रांतीचं शास्त्र म्हणजे असाच एक अजस्र पंचनामा आहे. अजगराच्या नख्या हा त्यातला एक ठसा. दुसरा ठसा तुम्ही सगळे या क्षणी त्याच्यावर बसून आहात. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक. पावसाळ्यात शेवाळावरून घसरून आपटलं की डॉक्टर म्हणतात, माकडहाडाला मार बसलाय. हा शब्द डार्विननं मराठीला दिलेला नाही. कुण्या वैदूनं किंवा खाटकानं हाड पाहून शेपटीचा बुडखा ओळखला असावा.

आणि मुळात माकडाचा माणूस झाला असं उत्क्रांती म्हणतच नाही. कोकणातल्या माणसाला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एक सातबारा आहे आणि त्याच्यावर तीस-चाळीस नावं आहेत. मुंबईचे, बडोद्याचे, ज्यांचं तोंडही आपण पाहिलेलं नाही असे हिस्सेदार. कुणी विचारलं, हा गिरगावचा अमुकतमुक तुमचा आजोबा का, तर आपण हसू. तो आजोबा नाही, भाऊबंद आहे. त्याचा खापरपणजोबा आणि आपला खापरपणजोबा सख्खे भाऊ होते, एवढंच. बागेत धुडगूस घालणारं केळटं, म्हणजे माकड, आणि आपण यांचं नातं हे असं आहे. मूळ पुरुष एक, तो अडीच-तीन कोटी वर्षांमागचा. तो केळटंही नव्हता आणि माणूसही नव्हता. चिंपांझीशी आपली वाटणी त्या मानानं कालची, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची. आता गंमत पाहा. जमिनीच्या नोंदी बदलतात त्याला आपण फेरफार म्हणतो, गाव नमुना सहा. महसूल खात्याच्या इंग्रजी कागदावर त्याच फेरफाराला म्युटेशन म्हणतात, आणि जनुकातल्या बदलालाही विज्ञान म्युटेशनच म्हणतं. पाठ्यपुस्तकानं त्याचं 'उत्परिवर्तन' केलं. मला विचाराल तर तलाठ्याचा शब्द बरा होता.

'उत्क्रांती' या शब्दाचीही एक गोष्ट आहे. संस्कृतात, ब्रह्मसूत्रांच्या परंपरेत, उत्क्रांती म्हणजे जीवानं देह सोडून जाणं. मरण. विकासाच्या अर्थानं तो मराठीत रुळला आणि इतका रुळला की जुना अर्थ कीर्तनकारांपुरता उरला. एका अर्थी योग्यच झालं. मरणाशिवाय उत्क्रांती नाही, हे डार्विनच्या सिद्धांतातलं सगळ्यात अवघड कलम आहे.

त्या कलमाकडे यायला मी आंब्याची वाट धरतो. आंबा खाऊन बाठा उकिरड्यावर टाकला आणि तो रुजला, तर त्याला काय येईल? हापूसच्या बाठ्यातून हापूस येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. येतो तो रायवळ. कुणी आंबटढाण, कुणी खोबऱ्यासारखा, कुणी केसाळ, कुणी इतका गोड की त्या झाडाला गावानं नाव द्यावं. दहा बाठे, दहा झाडं, दहा चवी. म्हणून तर आपण कलम बांधतो. फेरफार होऊ नये म्हणूनचा तो बंदोबस्त आहे. कलमाचा प्रत्येक हापूस एका जुन्या झाडाची फांदीच असतो. डार्विनला १८५९ च्या ग्रंथात जे पहिल्यांदा सांगायचं होतं ते हेच. त्यासाठी त्यानं लंडनच्या हौशी लोकांची कबुतरं घेतली. देवरूखात जन्मता तर रायवळ घेतला असता. संतती सारखी नसते. त्या नसण्यातून कुणीतरी निवड करतं. माणसानं केली तर जात तयार होते. माणूस नसेल तिथं निवड पाऊस, भूक, रोग आणि शत्रू करतात, आणि त्यांना घाई नसते.

हे डोळ्यांदेखत पाहायचं असेल तर मोहरावरचा तुडतुडा पाहा. आंब्याचा बागायतदार नवीन औषध आणतो, पहिल्या हंगामात मोहर स्वच्छ होतो. दोन-चार वर्षांत तोच म्हणतो, औषध लागत नाही, कंपनीनं पाणी मिसळलं. पाणी कुणी मिसळलेलं असो वा नसो, दुसरीही गोष्ट घडलेली असते. लाखो तुडतुड्यांत चारदोन असे होते, ज्यांना ते विष पचलं. बाकीचे मेले. पुढच्या मोसमाला उरले ते या चारदोघांचे वंशज. एकाही तुडतुड्यानं विष पचवायला शिकून घेतलेलं नाही. जे पचवत होते ते उरले, इतकंच. कुणी पाहिलं, असं विचारणाऱ्याला मी कलमाच्या बागेत फेब्रुवारीत यायला सांगेन.

आता दशावतार. उत्क्रांतीवर बोलायला उभा राहिलो आणि श्रोत्यांतून हा प्रश्न आला नाही, असं गेल्या तीस वर्षांत झालेलं नाही. मत्स्य म्हणजे जलचर, कूर्म म्हणजे उभयचर, वराह सस्तन, नरसिंह अर्धा पशू अर्धा माणूस, वामन बुटका मानव, मग परशुराम, राम, कृष्ण. सर, हे तर आमच्याकडे आधीच होतं! २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी तर दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं व्यासपीठावरून सांगितलं.

ही तुलना कुण्या आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी केलेली नाही. ती छापून प्रसिद्ध करणाऱ्या पहिल्या मंडळींत आहेत मादाम ब्लाव्हाट्स्की, थिऑसॉफीवाल्या रशियन बाई. पुस्तक न्यूयॉर्कला १८७७ साली निघालं, म्हणजे डार्विनच्या ग्रंथानंतर अठरा वर्षांनी. उत्तर फुटल्यावर गणित सोडवल्यासारखं आहे हे.  शिवाय कूर्म हा कासव, सरपटणारा प्राणी. त्याला उभयचर करावं ते फक्त हिशेब जुळावा म्हणून. आणि नववा? पंचांगावरच्या चित्रांत कितीदा बुद्धाच्या जागी विठोबा उभा असतो. विटेवर, कटेवर हात ठेवून उभं राहणं हा उत्क्रांतीचा कितवा टप्पा?

दशावताराला मी हसत नाही. शिमग्यात नमन-खेळ्यांचा संकासूर अंगणात आला की आजही माझ्या पोटात लहानपणीसारखा गोळा येतो. काळा झगा, टोकदार टोपी. वेद पळवणाऱ्या या राक्षसाला मारायला मत्स्यावतार झाला. ही गोष्ट आहे आणि गोष्ट म्हणून बावनकशी आहे. माझी तक्रार आहे ती तिला प्रयोगशाळेचा डगला चढवणाऱ्यांशी. कारण विरोधकापेक्षा हा मिठी मारणारा जास्त नुकसान करतो. विरोधक निदान म्हणतो, तुमचं म्हणणं खोटं. मिठी मारणारा म्हणतो, तुमचं म्हणणं आमचंच आहे, आणि त्यातला जीव काढून घेतो. दशावतारात निवड नाही, फेरफार नाही, भाऊबंद नाहीत. आहे ती शिडी. खालून वर चढत जाणारी, आणि वरच्या पायरीवर जन्मानं बसलेला कुणीतरी. उत्क्रांतीला शिडी नाही. अजगरानं पाय गमावले म्हणून तो घोरपडीपेक्षा खालचा ठरत नाही आणि वरचाही नाही. त्याच्या पूर्वजांच्या जगण्याला पाय लागेनासे झाले, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या सड्यावर, कातळावरच्या चिमूटभर मातीत, पावसाळ्यात दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती उगवते. ती किडे खाते ते पुढारलेली म्हणून नव्हे, त्या मातीत नत्र नाही म्हणून.

लोकमान्यांनी ही मिठी मारली नव्हती, हे इथं नोंदवायला हवं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या गीतारहस्यात त्यांनी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलचं नाव घेऊन सांख्यांच्या प्रकृतिविचाराशी उत्क्रांतिवाद ताडून पाहिला आहे. तो तत्त्वज्ञाला तत्त्वज्ञ भिडवण्याचा उद्योग होता. कपिलमुनींना प्राणिशास्त्राच्या खुर्चीवर बसवण्याचा नव्हे.

आणि आता त्या माळ्याकडे येतो. आपण बसलो आहोत ती परशुरामभूमी. बाण मारून समुद्र मागं हटवला आणि कोकण वर काढलं, ही आपली स्थानिक सृष्ट्युत्पत्ती. चिपळूणजवळ पेढ्याला परशुरामाचं देऊळ आहे. सह्याद्रिखंडात त्याच्या पुढच्याही कथा आहेत, कोणती जात कोणी कशातून निर्माण केली याच्या. जमीन कशी झाली यापेक्षा माणसांचे थर कसे लागले, यात त्या कथांना जास्त रस आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. डार्विनचा माणसाच्या वंशावरचा ग्रंथ १८७१ चा. फुल्यांनी तो वाचला होता असं मी म्हणत नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण जन्मले या कथेला त्यांनी एका सुईणीला सुचतील असे प्रश्न विचारले. मुखात गर्भ राहत असेल तर मुखाला विटाळही धरावा लागेल, मग सोवळ्याचं काय? मत्स्य, कच्छ, वराह ही त्यांच्या मते बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या पुढाऱ्यांची नावं. आजचा इतिहासकार हे तसंच्या तसं मानणार नाही. पण त्याच पुस्तकात त्यांनी परशुरामाला उद्देशून एक नोटीस छापली आहे, तारीख १ ऑगस्ट १८७२. तुम्ही चिरंजीव आहात ना, मग सहा महिन्यांच्या आत हजर व्हा आणि तुमचे पराक्रम आम्हाला करून दाखवा, असा तिचा आशय.

मित्रहो, पुराव्याची मागणी याहून नेमकी मला कुठं सापडलेली नाही. औरंगाबादला विचारलं गेलं, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं? पुण्याच्या माणसानं जवळजवळ दीडशे वर्षं आधी विचारून ठेवलं होतं, मुखातून माणूस निघताना कुणी पाहिलं? दोन्ही प्रश्न दिसायला सारखे आहेत. फरक असा, की पहिल्याला अजगराच्या नख्या, माकडहाड आणि डीएनए हजर होतात. दुसऱ्याची सहा महिन्यांची मुदत संपून गेली.

फुले नास्तिक नव्हते. त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात सगळं निर्माण करणारा एक 'निर्मीक' आहे. पण तो निर्मीक पायऱ्या बांधत नाही, स्त्री आणि पुरुष निर्माण करून बाजूला होतो. म्हणूनच मी म्हणतो, की देव मानणं आणि उत्क्रांती मानणं यांत आपल्याकडे मोठा झगडा नाही. सरांच्या घरी दीड दिवसाचा गणपती शेवटपर्यंत बसत होता आणि आरतीचा तारस्वर त्यांचाच असायचा.

पहिला जीव कसा झाला, हा प्रश्नही कुणीतरी विचारणार, म्हणून थोडक्यात. डार्विनचा सिद्धांत तिथं सुरू होत नाही. जीव झाल्यावर पुढं काय, एवढंच तो सांगतो. जीव कसा झाला यावर रशियात ओपारिननं १९२४ साली आणि इंग्लंडात जे. बी. एस. हॉल्डेननं १९२९ साली रासायनिक खुलासा सुचवला. हे हॉल्डेन पुढं १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलरनं काचेच्या उपकरणात वायू, पाणी आणि विजेच्या ठिणग्या यांतून अमिनो आम्लं मिळवली. त्या विटा झाल्या, घर नव्हे. घर कसं उभं राहिलं हे अजून कुणी करून दाखवलेलं नाही. याचा सृष्टिवाद्याला आनंद होतो, त्याचं मला आश्चर्य वाटतं. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून झाली असं विचारतं आणि वर बसलेल्या अध्यक्षालाही कदाचित ठाऊक नसेल, या शंकेवर संपतं. त्या ऋषीला ते कबूल करताना लाज वाटली नाही.

दगडांतला पुरावा विचारणाऱ्यांना मी वरळीचे बेडूक दाखवतो. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, आणि जांभा म्हणजे त्याच्या वरच्या अंगाची झीज. दोन थर पडण्याच्या मधल्या काळात कुठं कुठं तळी साचली. मुंबईच्या वरळी टेकडीत अशाच एका तळ्याच्या गाळात, दगड झालेले, जेमतेम बोटाच्या पेराएवढे बेडूक सापडले. १८४७ साली लंडनला त्यांचं पहिलं वर्णन कुणी केलं? रिचर्ड ओवेन यांनी, ज्यांनी 'डायनासोर' हा शब्द घडवला आणि जे पुढं डार्विनचे हाडवैरी झाले. १८६० मध्ये डार्विनच्या ग्रंथावर निनावी कडवट परीक्षण लिहिणारे हेच. ओवेननी त्या बेडकाला आजच्या बेडकांच्याच 'राना' या प्रजातीत घातलं. १९३० मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञानं त्याला तिथून काढून स्वतंत्र नाव दिलं, 'इंडोबॅट्रॅकस'. ते तळं, तो लाव्हा आणि ते चिमुकले सांगाडे वैऱ्याच्या हातूनही पंचनाम्यात दाखल झाले.

आता पुन्हा त्या पायऱ्यांकडे. २०१९ च्या जुलैत लोकसभेत, मानवी हक्कांच्या विधेयकावर चर्चा चालू असताना, सत्यपाल सिंह पुन्हा म्हणाले की आपण माकडांची नव्हे, ऋषींची संतानं आहोत. त्यावर तमिळनाडूच्या खासदार कनिमोळी उठल्या आणि म्हणाल्या, की माझे पूर्वज ऋषी नव्हेत. ते होमो सेपियन्स, आणि माझे आईवडील शूद्र. वाद कशाचा आहे ते त्या एका उत्तरात उघडं पडलं. ऋषींची संतानं म्हटलं की गोत्र आलं, गोत्र म्हटलं की ते नसणारे आले. माकड हे नुसतं निमित्त.

विज्ञान या पापातून सुटलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी मोजून जातींची उच्चनीचता लावत होते, आणि त्या काळी ते विज्ञान म्हणून खपलं. डार्विनच्या नावावर शिड्या बांधणारे युरोपात तर पैशाला पासरी होते. रिस्लेचं नाकमाप कुणा पुराणानं खोडलं नाही, पुढच्या विज्ञानानं खोडलं. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या अनेक समूहांचे जनुक तपासून दाखवलं, की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथं जवळजवळ सगळे सगळ्यांत मिसळत होते. जातीबाहेर लग्न न करण्याची कुंपणं नंतर पडली. म्हणजे सातबारा एकच होता. वाटणी मागाहून झाली, आणि वाटणीनंतर आपण मूळ पुरुषाचं नावच विसरलो. कोकणात हे नवीन नाही.

शाळेबद्दल बोलून थांबतो. एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती वगळली. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता, त्यातली आनुवंशिकता उरली. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढलं. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांना तो भाग आहे, असं उत्तर मिळालं. म्हणजे कॉमर्सला जाणाऱ्या मुलीला, आयटीआयला जाणाऱ्या मुलाला माकडहाडाचा अर्थ कळायची गरज नाही. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा तो आहे. अवशेषांगं, जीवाश्म, डार्विन, लामार्क, सगळं. याबद्दल बालभारतीचं मी मनापासून कौतुक करतो. पण धडा असणं वेगळं आणि शिकवला जाणं वेगळं. एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो असताना मी स्वतः ऐकलं: "पेपरात असंच लिहा, चार मार्कांचा आहे. बाकी खरंखोटं आपल्याला ठाऊक आहे." वर्ग हसला. त्या हसण्याला डार्विन बळी पडला नाही, त्या वर्गातली पोरं पडली.

सरांनी असं कधी केलं नाही. खुराड्यापुढं त्यांनी आम्हाला आधी नख्या दाखवल्या आणि मग गोणपाटात अजगर भरायला लावला. दांडे घेऊन आलेली मंडळी अजून हटत नव्हती. दोन कोंबड्यांची भरपाई कोण देणार, हा खरा प्रश्न होता. सर काकींना समजावत होते, काकी, हा पूर्वी पायांनी चालणाऱ्यांपैकी. घोरपडीच्या कुळातला म्हणा, लांबचा. पाय गेले, खूण राहिली.

काकी बराच वेळ गोणपाटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ह्यो घोरपडीचा भाऊबंदच की."

"हो. आणि मागं मागं जात राहिलो तर आपलाही."

काकींनी कासोटा खोचला, खुराड्याचं दार लावलं आणि दांडेवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "भाऊबंद म्हटला की हिस्सा न्हेणारच. दोन कोंबड्या त्याच्या हिश्शाच्या ग्येल्या. सोडा आता त्याला रानात."